वाद रॉकचा, शीळ मेहकरची

अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००४ साली जगातल्या सर्वश्रेष्ठ ५०० गाण्यांची यादी छापली. १७२ जाणकारांनी मतं दिली होती. पहिल्या क्रमांकावर आलं बॉब डिलनचं १९६५ सालचं 'लाइक अ रोलिंग स्टोन'. त्याच मासिकाने २०२१ साली यादी नव्याने केली. या वेळी मत देणारे अडीचशेहून अधिक होते आणि पहिली जागा मिळाली अरिथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'ला. डिलन चौथ्या जागेवर गेला. 'रिस्पेक्ट' १९६७ सालचं, म्हणजे तेही जुनंच. सतरा वर्षांत दोन्ही गाण्यांतला एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. मत देणारी माणसं तेवढी वेगळी होती.

गाण्याला क्रमांक कसा लावायचा, ही शंका रास्त आहे. तरी लोक यादी हाती आली की आधी आपलं गाणं शोधतात, ते खाली दिसलं की चिडतात, आणि मग रात्र रात्र वाद घालतात. हा वाद वाया गेलेला वेळ नाही. ज्याने एखाद्या गाण्यावर जीव टाकला आहे तोच त्याच्या क्रमांकासाठी भांडतो, आणि भांडता भांडता ते गाणं आपल्याला का भिडलं हे त्याला पहिल्यांदा नीट शब्दांत मांडावं लागतं.

आपल्याकडे तर अशी भांडणं गाण्यातूनच झाली. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर उभे राहत. एका फडाने शक्तीची बाजू घ्यायची, दुसऱ्याने शिवाची; एकाने गाण्यातून कूट टाकायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं. निवाडा करायला समोर बसलेलं गाव असे. पुढे ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि गाण्याला 'पायदान' असतं हे घरोघर कळलं. रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पत्रं यांवरून क्रमांक ठरत. बुधवारी रात्री आठ वाजता कुठलं गाणं वर चढलं आणि कुठलं उतरलं, यावर गुरुवारी दिवसभर चर्चा चाले. वऱ्हाडातल्या दोन पिढ्या गाण्यांची तुलना करायला या कार्यक्रमातून शिकल्या.

रॉक या मुलखात उशिरा आलं. मुंबईत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'सिमला बीट' स्पर्धेतून इंग्रजी गाणी वाजवणारे तरुण पुढे आले, १९८६ साली रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. बुलढाणा जिल्ह्यात हे वारं पोचलं ते प्रामुख्याने कॅसेटवरून, नव्वदच्या दशकात आलेल्या केबलवरून, आणि पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या मुलांच्या बॅगांमधून. होस्टेलवर गिटार वाजवणारा एक तरी असे, आणि त्याच्या खोलीत वाद एकाच मुद्द्यावर येऊन ठेपे: सगळ्यात मोठं गाणं कुठलं?

नावं बहुतेक ठरलेली. लेड झेपेलिनचं १९७१ सालचं 'स्टेअरवे टू हेवन', ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', क्वीनचं १९७५ सालचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. 'हॉटेल कॅलिफोर्निया' भारतात इतकं का रुजलं याचं एक कारण शेवटच्या दोन गिटारींच्या जुगलबंदीत असावं. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श एकमेकांना उत्तर देत, एकमेकांत मिसळत जातात, आणि सवाल-जवाबावर वाढलेल्या कानाला तिथे आपलं काहीतरी सापडतं. 'स्टेअरवे'ची गंमत त्याच्या चढणीत आहे. साध्या गिटारने आणि बासरीसारख्या रेकॉर्डरने हळू सुरू झालेलं गाणं आठ मिनिटांत एकेक थर चढवत ढोलांपर्यंत जातं. विलंबितातून द्रुताकडे जाण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही बांधणी परकी वाटत नाही.

तिसऱ्या गाण्यावर महाराष्ट्राचा थेट हक्क आहे.

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा. जन्म १९४६ सालचा, झांझिबारचा, घर पारशी, आणि शाळा सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीची सेंट पीटर्स. तिथे तो पियानो शिकला, तिथेच शाळकरी मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. रेडिओवर ऐकलेलं गाणं हा मुलगा तसंच पियानोवर उतरवी, असं त्या वेळचे त्याचे सोबती सांगत आले आहेत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे. त्यात संथ गाणं आहे, ऑपेराची नक्कल आहे, कानठळ्या बसवणारं रॉक आहे, आणि ज्याची अपेक्षा धरावी असं ध्रुपद एकदाही येत नाही. एवढं लांब गाणं रेडिओवर कुणी लावणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीचं मत होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते पुन्हा पुन्हा वाजवलं आणि दुकानांत मागणी सुरू झाली. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पाचगणीत शिकलेल्या मुलाने गाण्याची लांबी आणि बांधणी दोन्ही स्वतःच्या मनाने ठरवली, हे या गाण्याचं खरं कर्तृत्व.

लांबीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण रॉकचा सगळा इतिहास त्याला बांधलेला आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांहून फारसं जास्त मावत नसे. ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली तरी रेडिओवाल्यांना तीन मिनिटांची सवय झाली होती. कवी काय लिहिणार, गायक किती वेळ रेंगाळणार, हे या तीन मिनिटांनी ठरवलं. 'लाइक अ रोलिंग स्टोन' सहा मिनिटांच्या वर जातं. १५ आणि १६ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं. ऑर्गनवर बसलेला अल कूपर मूळचा गिटार वाजवणारा होता. नुसतं बघायला आलेला हा तरुण रिकाम्या ऑर्गनपाशी जाऊन बसला आणि इतरांच्या किंचित मागून सूर लावत राहिला. तोच सूर आज त्या गाण्याची ओळख आहे. कंपनीच्या विक्री विभागाला लांबी खटकली. रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या तबकड्यांवर गाणं मधोमध तोडून दोन बाजूंना टाकलेलं होतं. श्रोत्यांनी अख्खं गाणं लावा म्हणून तगादा लावला आणि केंद्रांना ते लावावं लागलं.

डिलनने वाढवलेली ही तीन मिनिटं आपल्या मुलखातही कुणीतरी फार आधी, अगदी वेगळ्या रीतीने वापरली होती. त्या गोष्टीसाठी खामगाव आणि मेहकरला जावं लागतं.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. खामगाव घाटाखाली, मेहकर घाटावर. मेहकरला नागोराव घनश्याम देशपांडे वकिली करत आणि कविता लिहीत. मराठी वाचक त्यांना ना. घ. देशपांडे म्हणून ओळखतो. जन्म २१ ऑगस्ट १९०९, सिंदखेडराजाचा. खामगावचे गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, हेही १९०९ सालचेच आणि त्यांचंही शिक्षण कायद्याचं. ना. घं.नी तरुणपणी 'शीळ' नावाची कविता लिहिली. रानातून येणारी एक शीळ, ती ऐकून कासावीस झालेली एक मुलगी, एवढाच तिचा ऐवज. जोशींनी तिला चाल लावली, मित्रमंडळींत ती गायली, आणि तिसाच्या दशकाच्या आरंभी एचएमव्हीने ती ध्वनिमुद्रित केली. ती तबकडी महाराष्ट्रभर गेली.

त्या काळात मराठी तबकडीवर कोण होतं ते आठवलं की या तीन मिनिटांचं मोल कळतं. नाट्यपदं होती, ख्याल-ठुमरी होती, कीर्तन-लावणी होती. गायकाने ताना घ्याव्यात आणि शब्द त्यांच्यामागे फरफटत जावेत, याची कुणाला तक्रार नव्हती. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता सभांमधून गाऊन दाखवत, त्यामुळे कविता गाता येते हे लोकांना ठाऊक होतं. पण आजच्या कवीची कविता, रंगभूमीचा आधार न घेता, शब्द न् शब्द कळेल अशा बेताने गायलेली आणि तबकडीवरून थेट दिवाणखान्यात आलेली, हा प्रकार नवा होता. मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळ जण 'शीळ'पासून धरतात. या पहिलेपणावरही वाद आहे आणि तो असायलाच हवा. तिच्याआधी कुणीच काही गायलं नव्हतं असं नाही. पण 'शीळ' लोकांच्या तोंडी बसली, आणि तिच्यानंतर कवितेला चाल लावून ध्वनिमुद्रित करणं हा मराठीत एक रुळलेला मार्ग झाला. जोशींनी पुढे गंगूबाई हनगल यांच्याबरोबर युगुलगीतं गायली. त्या वेळी गंगूबाईंचं नाव तबकडीवर 'गांधारी' असं छापलं जाई. मग गजाननराव वाटवे आले, सुधीर फडके आले, मालती पांडे आल्या, १९६२ साली मंगेश पाडगांवकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांचं 'शुक्रतारा' आलं. हे सगळे ज्या वाटेने चालले ती वाट आधी रानातून गेली होती.

एक गोष्ट इथे थांबून लक्षात घ्यावी अशी आहे. ना. घं.चा पहिला कवितासंग्रह 'शीळ' पुस्तकरूपात आला तो १९५४ साली. म्हणजे गाणं आधी, पुस्तक दोन दशकांनी. महाराष्ट्राने हा कवी डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ओळखला. १९८६ साली 'खूणगाठी' या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या मेहकरमधल्या जुन्या वास्तूचं नाव घेऊन 'कंचनीचा महाल' हा संग्रहही आला. १० मे २००० रोजी ते गेले. एवढा मोठा कवी, तरी आजही अनेकांना त्यांची पहिली ओळख होते ती एका तबकडीतून.

डिलनच्या बाबतीत उलटं घडलं असं वाटतं, पण मुद्दा तोच आहे. तो गायक म्हणून आला आणि २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. कविता कागदावरची की गळ्यातली, हा प्रश्न स्वीडिश अकादमीला २०१६ साली पडला आणि जगभर त्यावर खल झाला. खामगावच्या आणि मेहकरच्या या दोन तरुणांनी तो आपल्यापुरता तिसाच्या दशकातच सोडवला होता.

आता थोडं कापसाकडे वळायला हवं, कारण खामगावचं नाव जगात पहिल्यांदा गेलं ते कापसामुळे. जलंबहून खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा काढला तो या पेठेतल्या कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून बोटीवर चढे आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा माल लिव्हरपूलच्या गोदीत उतरे. लिव्हरपूलमध्ये पिढ्यान् पिढ्या कापसाचे दलाल नांदले. त्यांतल्या ए. हॅने अँड कंपनीत जिम मॅकार्टनी नावाचा एक विक्रेता होता. दिवसा कापूस विकायचा, संध्याकाळी पियानो नाहीतर ट्रम्पेट वाजवायचा. विसाच्या दशकात त्याचा 'जिम मॅक्स जॅझ बँड' होता. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी हा त्याचा मुलगा. पॉलच्या घरात संगीत आलं ते या कापूसविक्या बापाकडून. खामगावच्या कापूसबाजारात वाढलेल्या माणसाला लिव्हरपूल हे शहर फार दूरचं वाटू नये, इतका हा जुना व्यवहार आहे.

जी. एन. जोशींनी वकिलीचा रस्ता सोडला आणि १९३८च्या सुमारास ते एचएमव्हीत नोकरीला लागले. मायक्रोफोनपुढून ते काचेपलीकडे गेले. पुढची तीन दशकं त्यांनी मोठ्या गायक-वादकांच्या मागे लागून त्यांना स्टुडिओत आणलं. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ यांच्यासारख्या कलावंतांना तबकडीच्या वेळेत बसवणं हे सोपं काम नव्हतं. या अनुभवांवर त्यांनी मराठीत 'स्वरगंगेच्या तीरी' लिहिलं, इंग्रजीत 'डाउन मेलडी लेन'. रागाचा विस्तार तास-दीड तास करणारा गवई तीन मिनिटांपुढे घड्याळ बघत बसे. एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटं मोकळी मिळाली, तेव्हा या मोकळ्या जागेचं काय करायचं हा प्रश्न पडलेल्यांत जोशी होते.

त्यांनी दिलेलं उत्तर १९६७ साली बाहेर पडलं. 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या वेळांवरून उलगडत नेलेला. अहिरभैरव, नटभैरव, मग पिलू, भूप, देस, पहाडी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघेही मुख्य वादक तेव्हा तरुण, आणि तिघांचीही वाद्यं त्या काळच्या मैफलीत अजून पुरती मुरलेली नव्हती. संतूर शास्त्रीय संगीताला चालेल का, गिटार तर विलायती, असे सवाल तेव्हा होते. जोशींनी या तिघांना एकत्र बसवून गोष्ट सांगायला लावली. शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांत ती जगभर सर्वाधिक ऐकल्या गेलेल्यांपैकी एक ठरली.

आणि ती ऐकणाऱ्यांत रॉकचे लोक होते. जॉर्ज हॅरिसन, पॉल मॅकार्टनी, बर्ड्समधले डेव्हिड क्रॉस्बी आणि रॉजर मॅगिन, आणि खुद्द बॉब डिलन, अशी नावं तिच्या चाहत्यांत सांगितली जातात. ज्याचं गाणं जगातल्या सर्वश्रेष्ठ गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, तो माणूस खामगावच्या जोशींनी घडवलेली तबकडी ऐकत होता. शिवाय त्या तबकडीत गिटार आहे, जे रॉकचं मुख्य हत्यार. काब्रांनी ते मांडीवर आडवं ठेवून मींड काढत वाजवलं.

त्याच सुमारास उलट दिशेनेही वर्दळ सुरू होती. बीटल्सच्या १९६५ सालच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये हॅरिसनने सतार वाजवली. पुढच्या वर्षी 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर 'लव्ह यू टू'च्या तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापून आलं. १९६७च्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी होते. लंडनमधल्या या वादकांकडे रॉकच्या इतिहासाने फार दिवस दुर्लक्ष केलं. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि त्याने एचएमव्हीच्याच स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक'चा मोठा भाग आणि 'दि इनर लाइट'चं वाद्यसंगीत मुद्रित केलं. बासरीवर तेच हरिप्रसाद, संतूरवर तेच शिवकुमार. 'दि इनर लाइट' मार्च १९६८मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर जागा मिळालेलं हॅरिसनचं ते पहिलं गाणं. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' करून गेले. ते मुद्रण जगापुढे अधिकृतपणे आलं ते थेट २०१५ साली. 'स्टेअरवे टू हेवन'साठी भांडणाऱ्याने ही दोन गाणी एकदा ऐकावीत. इथल्या तंतुवाद्यांच्या ताफ्यात झेपेलिन कसं वेगळं भासतं ते कळेल.

एवढं सगळं समोर ठेवल्यावर मूळ वादाला तोंड द्यायला हवं. सर्वश्रेष्ठ कुठलं?

खप हा निकष घेतला तर वाद एका मिनिटात संपतो आणि त्यात कुणाचंच समाधान होत नाही. वादकांची तयारी मोजायची तर रॉकपेक्षा अवघड संगीत जगात पुष्कळ आहे. आपल्याला काय आवडतं, हा निकष प्रामाणिक आहे, पण त्यावर दुसऱ्याशी बोलता येत नाही. बोलता येईल असा एकच निकष दिसतो: ते गाणं येण्याआधी काय शक्य नव्हतं, आणि आल्यानंतर काय शक्य झालं. या कसोटीवर 'हॉटेल कॅलिफोर्निया' मागे पडतं. फार सुंदर गाणं आहे, पण ते एका रस्त्याच्या शेवटी उभं आहे. त्याच्यापुढे नवं काही फुटलं असं दाखवता येत नाही. 'स्टेअरवे'ने लांब, चढत जाणाऱ्या गाण्याला राज्य मिळवून दिलं आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने बांधणीची भीती घालवली. दोन्ही मोठी. पण तीन मिनिटांची भिंत त्यांच्याआधी पडली होती, आणि ती डिलनने पाडली.

'रिस्पेक्ट'चा दावा याच कसोटीवर सगळ्यात भारी आहे, हे मान्य करायला हवं. ते गाणं मूळ ओटिस रेडिंगचं, १९६५ सालचं. दमून घरी येणाऱ्या पुरुषाने बायकोकडे मागितलेला मान. अरिथा फ्रँकलिनने १९६७ साली तेच शब्द थोडे बदलून, नवी भर घालून बाईच्या तोंडी दिले आणि गाण्याचा अर्थ उलटा करून टाकला. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या आणि बायकांच्या हक्कांच्या लढ्यात ते घोषणेसारखं वापरलं गेलं. गाणं कुणाचं, लिहिणाऱ्याचं की गाणाऱ्याचं, हा जुना प्रश्न त्यात एका फटक्यात समोर येतो. आपल्याकडे तो रोज येतो. रेडिओवर गायकाचं नाव आधी, संगीतकाराचं मग, आणि कवीचं कित्येकदा येतच नाही. 'शीळ' ऐकून डोलणाऱ्या किती जणांना ती मेहकरच्या एका वकिलाने लिहिली हे ठाऊक असतं?

तरीही वादात रॉक हा शब्द असेल, तर पहिला मान डिलनलाच द्यावा लागतो. त्याच्याआधी तरुणांच्या खपाच्या गाण्यांत प्रेम होतं, नाच होता, मोटार होती. त्याने एका माणसाला उभं करून, सगळं गमावल्यावर कसं वाटतं असं विचारलं, आणि ते इतका वेळ विचारलं की तबकडीची एक बाजू पुरेना. त्यानंतर बीटल्सची शब्दरचना बदलली आणि रॉक गाण्यात कविता असू शकते हे गृहीत धरलं जाऊ लागलं. मराठी भावगीतात हे काम 'शीळ'ने केलं. म्हणून 'लाइक अ रोलिंग स्टोन' आणि 'शीळ' यांना एका ओळीत बसवताना अजिबात संकोच वाटत नाही. आवाका वेगळा, भाषा वेगळी, काळात तीन दशकांचं अंतर. काम एकाच जातीचं.

घाटावर असो वा घाटाखाली, बुलढाण्यातल्या ज्या मुलांच्या मोबाइलमध्ये आज डिलन, झेपेलिन आणि क्वीन आहेत, त्यांच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी हा वाद पेटला की तीन तबकड्या लागोपाठ लावा: आधी जी. एन. जोशींच्या आवाजातली 'शीळ', मग 'लाइक अ रोलिंग स्टोन', मग 'कॉल ऑफ द व्हॅली'ची पहिली बाजू. तिसरी चालू असताना सोबत्यांना सांगा की ती घडवणारा माणूस खामगावचा होता आणि पहिलीतला आवाजही त्याचाच आहे. त्यानंतर खुशाल भांडा.